पिंपाचं कुलूप

तपासनीस निवृत्त झाले त्याला दीड महिना झाला होता आणि तेवढ्यात घरातली उघडण्यासारखी एकही वस्तू त्यांनी उघडायची ठेवली नव्हती.

तेहतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. दुकानादुकानांत जाऊन तराजू उघडायचे, आत डोकावायचं, वजनं हातात घेऊन पाहायची, कपाळाला आठी घालायची आणि मनासारखं असलं तर शिक्का मारायचा. निरोपाच्या दिवशी शिक्का कचेरीत जमा झाला. आठी मात्र त्यांच्याबरोबर घरी आली, आणि आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर गाठलं.

"हा अर्धा टोमॅटो कधीपासून आहे?"

"तुमच्या निरोप समारंभापासून," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी वसाहत तिला काकूच म्हणायची, त्यामुळे कधीकधी तपासनीसांच्याही तोंडून तेच निघायचं, आणि मग ते उगाच खोकायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कपाटातले डबे उंचीप्रमाणे लावले. प्रत्येकावर सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवली. त्या उलथापालथीत साखर मिठाच्या डब्यात गेली आणि मीठ साखरेच्या. दुसऱ्या दिवशी शेजारचे सुतार चहाला आले. घोट घेतला, गिळला, आणि फार अदबीनं म्हणाले, "वहिनी, हा चहा समुद्राच्या पाण्याचा का?"

संध्याकाळी कपाटाला पितळेचं कुलूप लागलं. किल्ली काकूंच्या चष्म्याच्या दोरीत ओवलेली. काकू मान खाली घालून काही वाचू लागल्या की ती किल्ली नवऱ्याच्या डोळ्यांसमोर झुलायची, शाळेच्या घंटेसारखी.

परगावच्या लेकीला हे सगळं फोनवर कळत होतं. "आई," ती म्हणाली, "बाबांना उघडायला-मिटायला काहीतरी दिल्याशिवाय तुझं स्वयंपाकघर सुटायचं नाही." आणि आठ दिवसांत भलंमोठं खोकं दारात आलं. आतून निघालं एक हिरवं पिंप. दोन पायांच्या घोडीवर आडवं टांगलेलं, एका बाजूला फिरवायचा दांडा, पोटाला सरकतं झाकण. भाजीच्या साली, देठ, टरफलं, वाळलेला पाला आत टाकायचा, मधूनमधून पिंप फिरवायचं आणि खत करायचं.

तपासनीसांनी झाकण उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत कधी हसले नव्हते तसे ते हसले.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो वसाहतीच्या बैठकीत.

वसाहतीच्या फाटकाजवळ मातीचा एक तुकडा उरला होता, दोन पलंग जेमतेम मावतील एवढा. त्यात लिंबाचं एक झाड होतं. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी काकूंनी ते लावलं होतं. हल्ली ते रोडावलं होतं. पानं पिवळी, फांद्या काटकुळ्या. सात वर्षांत एक लिंबू नाही. तरी रोज भांडी विसळलेलं पाणी काकू त्याच्या मुळाशी नेऊन ओतायच्या आणि जाता जाता एखाद्या पानावरून बोट फिरवायच्या, पोराचं कपाळ पाहावं तसं.

वसाहतीचे सचिव म्हणाले, "तिथं सिमेंटचा कोबा घालू. दोन गाड्या आरामात उभ्या राहतील." वसाहतीत दोन गाड्या एकट्या सचिवांकडेच होत्या, पण हा योगायोग कुणी बोलून दाखवला नाही. "ती माती मेलेली आहे," ते म्हणाले, "झाड काय आज आहे, उद्या नाही."

तपासनीस उभे राहिले. कपाळाला आठी होतीच. "मातीला खत लागतं. माझ्याकडे यंत्र आहे. साठ दिवसांत पिंपभर खत काढून दाखवतो."

"आणि नाही निघालं तर?"

"तर घाला कोबा."

सचिवांनी ते लगेच लिहून घेतलं. एवढ्या चपळाईनं त्यांनी आजवर काहीच लिहिलं नव्हतं.

घरी आल्यावर काकूंनी शांतपणे विचारलं, "कुणाला विचारलंत?"

"अगं, शब्द दिलाय मी."

"शब्द तुमचा," काकू म्हणाल्या. "पणाला झाड माझं लागलं."

आणि त्या आत निघून गेल्या. तपासनीसांना पहिल्यांदाच वाटलं, की तराजूच्या एका पारड्यात आपण काय टाकलं ते टाकताना नीट पाहिलंच नव्हतं.

पण पिंप समोर असलं की माणूस शंका विसरतो. पहिल्या दिवशी त्यांनी साली टाकून झाकण लावलं आणि दहा मिनिटांनी झालं का म्हणून पाहिलं. झालं नव्हतं. जेवणाआधी पाहिलं, जेवणानंतर पाहिलं, पेपर वाचताना मध्येच उठून पाहिलं. साल सालच होती, निर्लज्जासारखी पिवळी. तिसऱ्या दिवशी त्यांनी लांब दांड्याचा तापमापक आणला. तो खुपसला की आकडा यायचा बाहेरच्या हवेइतकाच, एक अंश इकडे ना तिकडे.

"हालचाल कमी पडतेय," त्यांनी निदान केलं, आणि पिंप जिन्याखालून उचलून अंगणात, येण्याजाण्याच्या वाटेवर आणून ठेवलं. वर पुठ्ठ्याची पाटी टांगली: "येता-जाता प्रत्येकाने पाच फेरे द्यावेत. झाकण उघडून पाहणी करावी. — हुकुमावरून."

हुकूम कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. वसाहतीला हुकमाचं फार प्रेम. दूधवाला फेरे देऊन गेला, टपालवाला देऊन गेला. शाळेत जाणाऱ्या मुली पाचाचे पंचवीस करू लागल्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना खांद्याचा व्यायाम सांगितला होता, ते सकाळ-संध्याकाळ शंभर फेरे घालू लागले. दिवसभर अंगणात घरंगळ-घरंगळ आवाज. ज्याला जे मिळेल ते तो आत टाकायचा: कलिंगडाची फोड, उरलेला चहा, शिळ्या ब्रेडचा तुकडा. आणि टाकणारा प्रत्येक जण झाकण उघडून, नाक आत घालून, जाणत्यासारखी मान हलवून जायचा.

तपासनीस खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्याला "फेरे?" विचारायचे आणि जाणाऱ्याला "किती?" विचारायचे. त्यांच्या डोळ्यांत कचेरीतलं जुनं तेज परत आलं होतं.

काकू खिडकीतून हे पाहायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, जरा त्याला बसू द्या की."

"बसायला ते काय पाहुणं आहे?"

पंचविसाव्या दिवशी पिंपातून खत निघालं नाही, गोळे निघाले. ओला चिखल गडगडून गडगडून मुठीएवढे गुळगुळीत गोळे झाले होते, तोफेत घालून डागता येतील असे. त्यांच्याभोवती चिलटांचं लग्न लागलं होतं. आणि वास! वास तर असा, की आजोबांनी खांदा बरा झाल्याचं जाहीर केलं, दूधवाल्यानं वाट बदलली आणि शाळेच्या मुली नाक धरून, पळता पळताच, एक फेरा देऊ लागल्या.

सचिव रुमाल नाकाला लावून आले. रुमालाच्या वर त्यांचे डोळे प्रसन्न होते. "तपासनीससाहेब, या वासावर शिक्का मारला का तुम्ही?"

तपासनीसांनी पाठ फिरवली. ते घरात आले आणि पायातल्या चपलाही न काढता खुर्चीत बसले. तेहतीस वर्षांत कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं. खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं. वारा नव्हता, तरी एक पिवळं पान सुटलं आणि फार वेळ लावून खाली आलं.

"अगं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

काकूंनी पदर खोचला.

सुतारांनी रंध्याच्या कुरळ्या ढलप्यांचं पोतं आणून टेकवलं. काकूंनी अंगणात जुनी चादर अंथरली, पिंप पालथं केलं आणि एकेक गोळा हातानं फोडायला बसल्या. नाक मुरडलं नाही, हातमोजे मागितले नाहीत. तपासनीसही समोर बसले आणि फोडू लागले. दोघांच्या मध्ये ढलप्या, वाळलेला पाला आणि तो काळा चिखल.

"वहिनी, चूक कुठं झाली?" सुतारांनी विचारलं.

"दर दहा मिनिटांनी कुणी तुमच्या अंगावरचं पांघरूण ओढलं, तर तुम्हाला ऊब येईल का भाऊजी?"

"मला तर राग येईल."

"यालाही आलाय. वास कसला येतो मग?" काकूंनी एक गोळा चिमटीत भुगा केला. "आमच्या घरामागे खड्डा होता. माझी आई त्यात सगळं टाकायची, वर पाला पसरायची आणि विसरायची. विसरणं हेच त्यातलं मोठं काम. ते तुमच्या साहेबांना कुणी शिकवलं नाही."

साहेब ढलप्या मिसळत राहिले. मूठ आवळली की थेंब गळू नये, आणि सोडली की भुगा व्हावा, इतकं सुकं झालं तेव्हा काकूंनी सगळं पिंपात भरलं. नव्या सालींसाठी वेगळी बादली ठेवली. पिंपात आता काही पडायचं नाही, म्हणाल्या. झाकण सरकवलं. मग घरात जाऊन त्या परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात कपाटाचं पितळी कुलूप होतं.

खट्.

"अगं, पण मी तपासणार कसं?"

"नाही तपासायचं."

"म्हणजे आत काय चाललंय ते—"

"त्याचं त्याला माहीत." काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. किल्ली झुलली. "दर तिसऱ्या दिवशी तीन फेरे. ते मी देईन."

पुठ्ठ्याची पाटी काकूंनी उतरवली आणि दुमडून पिंपाच्या घोडीखाली घातली, कारण ती एका पायानं डुगडुगत होती. हुकुमाचा तो पहिला उपयोग.

मग तपासनीसांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण दिवस सुरू झाले. ते पिंपाभोवती हात मागे बांधून चकरा मारायचे. झाकणाच्या फटीला डोळा लावून पाहिलं, अंधार दिसला. दांड्याला हात लावला की खिडकीतून खाकरण्याचा आवाज यायचा. सुतारांनी करवतीवरून मान वर करून विचारलं, "साहेब, आजारी माणसाला भेटायला आलात का?"

"भेटू देत नाहीत," तपासनीस म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. एक हात कमरेवर, एक दांड्यावर. पिंप सावकाश कललं, आतला ऐवज एखाद्या झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा सरकला. काकू स्वतःशीच गुणगुणत होत्या. ते शब्द त्यांच्या आईचे होते की आत्ताच जुळवलेले, कोण जाणे:

साली-देठांचं माहेर पिंपाच्या पोटात
उघडू नका दार, माती निजली काळोखात

दोन ओळींना तीन फेरे. मग त्या पदराला हात पुसून आत गेल्या. तपासनीस तिथंच उभे. आपल्या बायकोला गाता येतं, ही गोष्ट त्यांच्या तपासणीतून इतकी वर्षं कशी निसटली, याचा विचार करत.

सातव्या सकाळी त्यांनी चोरट्यासारखा पिंपाच्या पोटावर तळवा टेकवला, आणि दचकून काढून घेतला. पुन्हा टेकवला.

"अगं! अगं, लवकर ये!" ते घरात धावले. तवा गॅसवर तसाच ठेवून काकू बाहेर आल्या. "हात लाव. लाव तर! ताप आलाय त्याला!"

काकूंनी तळवा ठेवला. ऊन अजून भिंतीपलीकडे होतं, घोडीचे दोन्ही पाय गार होते, आणि पिंप मात्र कोमट, जिवंत, नुकत्याच उठलेल्या बाळाच्या पाठीसारखं.

"ताप नाही," त्या म्हणाल्या. "कामाला लागलंय."

दोघांचे हात बराच वेळ तिथंच राहिले. तवा करपला. त्या करपलेल्या तव्याबद्दल तपासनीसांनी एक शब्द काढला नाही, आणि पुढच्या तिसऱ्या दिवसाचे तीन फेरे काकूंनी त्यांना देऊ दिले.

वास कधी गेला ते कुणाला कळलं नाही. वास गेला की त्याची दखल कुणी घेत नाही.

साठ दिवस भरले. एकसष्टाव्या सकाळी फाटकाशी एक गवंडी सिमेंट कालवायचं यंत्र घेऊन हजर झाला. तेही पिंपच, फक्त लोखंडी आणि करड्या रंगाचं. खडी, वाळू, सिमेंट पोटात घेऊन घर्र घर्र फिरत होतं. मागे सचिव, त्यांच्यामागे कार्यकारिणी, तिच्यामागे खुर्च्या.

"मुदत संपली," सचिव म्हणाले. "उघडा."

काकूंनी चष्म्याची दोरी मानेतून काढली आणि किल्ली नवऱ्यापुढे धरली. "शब्द तुमचा," त्या म्हणाल्या, "आता तुम्हीच काय ते पाहा." आवाज सरळ होता. पण हात लिंबाच्या बुंध्यावर होता, आणि बोटं पांढरी पडली होती.

तपासनीसांनी किल्ली घेतली. सगळी वसाहत पाहत होती. आत काय आहे ते पाहण्यासाठी त्यांचा जीव महिनाभर टांगणीला लागला होता. एक खट्, आणि कळलं असतं. त्यांनी पिंपाच्या पोटावर तळवा ठेवला. अजून कोमट होतं. पहिल्यासारखं नाही, उतरतीचं, पण होतं.

त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"उघडणार नाही."

"म्हणजे?"

"अजून व्हायचंय. आठ दिवस लागतील. तेहतीस वर्षांत मी अर्धवट कामावर शिक्का मारला नाही, आज तुमच्यासाठी मारणार नाही."

"मग कोबा घालतो!"

"ते तुमच्या हातात आहे. हे माझ्या हातात आहे." ते जाऊन झाडाशी, काकूंच्या शेजारी उभे राहिले.

खरं तर सचिवांनी त्याच क्षणी गवंड्याला खूण केली असती, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण समोर खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि खुर्च्या मांडल्यावर चर्चा न करता उठणं कार्यकारिणीच्या रक्तात नव्हतं. एक सभासद म्हणाला, बैठकीचा दिवस साठात धरायचा की नाही? दुसरा म्हणाला, मुदतवाढ द्यायची तर आधी मुदतवाढ म्हणजे काय ते ठरवावं लागेल. तिसऱ्यानं मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचायला मागितला. तो सापडेना. सापडला तेव्हा त्यात 'साठ दिवस' असं लिहिलं होतं, पण कुठले, ते नव्हतं.

"साहेब, ओतू का?" गवंड्यानं विचारलं.

"थांब, ठराव होतोय."

यंत्र घर्र घर्र. ऊन वर आलं.

"साहेब, ओततो आता. घट्ट व्हायला लागलं."

"अरे थांब की! अनुमोदन व्हायचंय."

अनुमोदनाला दोघं एकदम उठले आणि आपण आधी उठलो म्हणून भांडू लागले. गवंड्यानं वर पाहिलं, ऊन पाहिलं, स्वतःचा डबा पाहिला. यंत्र बंद केलं आणि भिंतीच्या सावलीत जेवायला बसला. सावकाश जेवला, आडवा झाला. ठरावावर शेवटची सही झाली तेव्हा दुपार कलली होती.

"आता ओत!" सचिव विजयी आवाजात म्हणाले.

गवंड्यानं यंत्राचं तोंड वाकवलं. काही पडलं नाही. त्यानं आत फावडं घातलं. टण् असा आवाज आला.

अंगणात इतकी शांतता पसरली की सुतारांचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. "घ्या! तिकडचं थांबवलं म्हणून जमलं, आणि हे थांबवलं म्हणून दगड झालं."

"आता मला हे छिन्नीनं फोडत बसावं लागणार," गवंडी यंत्र गाड्यावर चढवत करवादला. "आठवडाभर तोंड दाखवू नका मला. आणि पुढच्या वेळी कागद करून ठेवा आधीच!"

असे ते आठ दिवस मिळाले. कार्यकारिणीच्या कष्टानं मिळाले, हे मान्य करायला हवं.

नवव्या सकाळी पिंप गार होतं. तपासनीसांनी खिशातून किल्ली काढली आणि काकूंच्या हातावर ठेवली. "तू उघड."

"तुम्हाला पाहायचं नाही?"

"मागून पाहीन."

खट्. झाकण सरकलं. आतून वास आला, पण तो वास म्हणावा असा नव्हता. सावलीतल्या ओल्या जमिनीचा, जुन्या झाडाखालचा. साल नाही, देठ नाही. काळंभोर, भुसभुशीत, बोटांतून झरणारं. एका कोपऱ्यात फक्त कलिंगडाची एक बी हट्टानं तशीच राहिली होती. काकूंनी ओंजळ भरली आणि नवऱ्याच्या ओंजळीत ओतली. तपासनीसांनी ती हातात तोलली नाही. नुसती धरली.

लिंबाच्या मुळाशी आळं केलं, त्यात ते सगळं गेलं. सचिवांना बोलवावं लागलं नाही. सगळ्यांत पुढे तेच उभे होते. पंधरवड्यात तिथं सिमेंटच्या ठोकळ्यावर एक पाटी उभी राहिली: "कार्यकारिणीच्या प्रेरणेने फुललेली बाग". बागेत झाड एकच होतं, आणि पाटीची सावली नेमकी त्याच्यावर पडत होती. सुतारांनी ती पाटी एका सकाळी हातभर बाजूला सरकवली. वसाहतीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. झाडाच्या आलं असावं. पिवळ्या पानांच्या बेचक्यातून पोपटी फुटवे निघाले, नखाएवढे.

पिंपात नवीन साली पडल्या, ढलप्या पडल्या, आणि कुलूप पुन्हा तिथंच लागलं. स्वयंपाकघरातलं कपाट उघडंच राहिलं. तपासनीस येता-जाता त्याच्यासमोर थांबायचे, हात मागे बांधून, आणि पुढे जायचे.

"अहो, साखरेचा डबा काढून द्या जरा," एका सकाळी काकू चहा टाकताना म्हणाल्या. "हात खराब आहेत माझे."

तपासनीस कपाटापाशी गेले. "कुठला?"

"डावीकडून दुसरा."

त्या डब्यावर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: मीठ.

त्यांच्या कपाळावर आठी आली. तोंड उघडलं गेलं. काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या, पाणी उकळत होतं, आणि त्या हलक्या आवाजात पिंपाच्या त्याच दोन ओळी म्हणत होत्या. तपासनीसांनी तोंड मिटलं. झाकणाला हात न लावता डबा नेऊन त्यांच्या कोपराशी ठेवला, चिठ्ठीची बाजू भिंतीकडे करून.